फिल्टर पिळायचा, धुवायचा नाही

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी, पोहे वाफेला ठेवले की मी बादली घेऊन फिशटँकपाशी बसतो. टाकीतलंच तीन-चार लिटर पाणी बादलीत काढायचं, पंपाची पिन काढायची, फिल्टर उघडून काळा स्पंज त्या पाण्यात बुडवायचा आणि पिळायचा. पहिल्या पिळ्याला पाणी कोऱ्या चहासारखं होतं. दुसऱ्याला आषाढातल्या माळव्याच्या नाल्यासारखं. तिसऱ्यानंतर मी थांबतो. स्पंज अजून मळकाच असतो, बोटांना बुळबुळीत लागतो, ओल्या मातीचा वास मारतो. तो मी तसाच परत लावतो.

आई दर वेळी मागून म्हणते, "अरे, नळाखाली धर ना जरा. अजून काळं निघतंय बघ."

तिचं काही चूक नाही. आम्ही इंदूरचे. स्वच्छ शहरांच्या यादीत २०१७ पासून लागोपाठ वर राहिलेलं गाव आमचं. कचरागाडीचं गाणं कानावर पडलं की अर्ध्या दाढीनिशी ओला डबा एका हातात आणि सुका दुसऱ्या हातात घेऊन जिने उतरणारी माणसं आम्ही. मळकी वस्तू मळकीच जागेवर ठेवायची हे आमच्या पचनी पडत नाही. माझ्याही पडलं नव्हतं, आणि त्यापायी बरेच मासे गेले.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी पहिली टाकी आली ती साठेक लिटरची. सोबत सहा गोल्डफिश, एक छोटा पंपवाला फिल्टर आणि दुकानदाराचा सल्ला: महिन्यातून एकदा सगळं रिकामं करून चकाचक धुवा, मासे खूश राहतात. मी आज्ञाधारक. खडी परातीत घेऊन तांदळासारखी सात पाण्यांनी धुतली, काच मीठ-लिंबानं घासली, स्पंज नळाखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळला. टाकी आरशासारखी झाली. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पाचव्या दिवशी दोन गेले. घरात ठरलं की कुठेतरी घाण राहिली असणार. म्हणून पुन्हा धुतलं, आणखी कसून. पुन्हा मासे आणले.

हा प्रकार चार वेळा झाला. मग मावसभावाच्या लग्नाला म्हणून मी पुण्याला गेलो, तिथून कोकणात उतरलो, आणि दीड महिना टाकीला कुणाचा हात लागला नाही. आई रोज चिमूटभर खाद्य टाकायची, बस. परत आलो तर काचेवर शेवाळ, फिल्टरची धार करंगळीएवढी बारीक, आणि मासे ठणठणीत. मग मी वाचायला बसलो.

गाळणी नाही

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते, नाहीतर स्वयंपाकघरातला आरओ. दोन्ही वस्तू स्वच्छ असतील तितक्या चांगल्या चालतात. टाकीतला फिल्टरही कचरा अडवतो, नाही असं नाही. पण ते त्याचं दुय्यम काम. नुसता कचरा अडवायचा असता तर जाळी पुरली असती. त्याचं खरं काम न दिसणाऱ्या गोष्टीशी आहे.

मासा खाद्य खातो, त्यातलं प्रथिन पचवतो, आणि त्यातून उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. तोही मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे जिथून श्वास घेतो तिथूनच. नदीतल्या माशाला याची फिकीर नसते. नर्मदेत टाकलेला थेंबभर अमोनिया बघता बघता वाहून जातो. साठ लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? पाणी दिसतं नितळ, वास येत नाही, आणि विष साठत असतं.

किती साठतं याचा अंदाज घेऊ. चाळीसेक टक्के प्रथिन असलेलं एक ग्रॅम खाद्य माशांनी दिवसाला खाल्लं तर त्यातून साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन पाण्यात येतो. साठ लिटरला वाटला तर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. रोजचा. दोन दिवसांत एक, चार दिवसांत दोन. चांगल्या चालत्या टाकीत हा आकडा शून्य असायला हवा. माझे मासे तिसऱ्या दिवशी वर का येत होते, ते या हिशेबात सापडलं.

इथे एक गोम आहे, आणि ती खास आपल्याकडच्या पाण्याची आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक तसं निरुपद्रवी, अमोनियम. दुसरं विषारी, मोकळा अमोनिया. कुठलं किती हे पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा, आणि तापमान ठरवतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया जेमतेम अर्धा टक्का. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर. एका अंकाच्या फरकानं विष नऊ-दहा पट. आणि माळव्यात बोरिंगचं पाणी काळ्या बेसाल्टच्या फटींतून येतं: जड, क्षारांचं, बहुधा अल्कलीकडे झुकलेलं. बादलीला पांढरा थर चढवणारं तेच. मऊ पाण्याच्या गावात जी चूक खपून जाईल, ती इथे मे महिन्यात खपत नाही.

दोन पाळ्यांचे कामगार

हा अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये राहतात. 'फायदेशीर बॅक्टेरिया' या नावानं दुकानात त्यांच्या बाटल्या मिळतात, पण नाव ऐकून वाटतं तसा तो टॉनिकचा प्रकार नाही. ते माशांसाठी काही करत नाहीत. अमोनिया हे त्यांचं जेवण आहे, इतकंच.

काम दोन पाळ्यांत चालतं. पहिल्या पाळीचे जिवाणू अमोनियाला ऑक्सिजन जोडून त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच, फक्त मारायची रीत वेगळी: ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. रक्ताचा रंग तपकिरी होतो, कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसायला लागतात, आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या पाळीचे जिवाणू या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य. तेही साठू द्यायचं नसतं, पण ते काम आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून आपण करू शकतो. बऱ्याच घरांत टाकीच्या कोपऱ्यात मनीप्लांटची फांदी खोचलेली असते ना, शोभेला म्हणून? ती मुळांनी हेच नायट्रेट ओढून घेते. म्हणून तर तिथे जोमानं वाढते.

ही सगळी कारागिरी सजीवांची आहे हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. १८७७ साली पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी एका उभ्या नळीत वाळू आणि खडू भरला आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. खालून निघणारं पाणी रोज तपासलं. पहिले वीसेक दिवस काहीच नाही. अमोनिया जसा वरून आत, तसा खालून बाहेर. मग नायट्रेट दिसायला लागलं, आणि पुढे सगळ्याच अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. हे नुसतं रसायन असतं तर पहिल्या दिवसापासून झालं असतं. वीस दिवस थांबायचं कारण काय? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम ठप्प. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ठप्पच. मग बागेतली माती कालवलेलं थोडं पाणी वरून ओतलं, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा सुरू. कुणीतरी जिवंत आत होतं, ते मेलं, नवं आणून सोडलं.

वाळूची ती नळी म्हणजे थेट आपला फिल्टरच. नवी टाकी लावल्यावर तीन-चार आठवडे धीर धरा असं जे सांगतात, तेच ते वीस दिवस. आणि क्लोरोफॉर्मच्या जागी आपण काय वापरतो, ते पुढे येईलच.

हे जिवाणू वेगळे काढून दाखवायला मात्र पुढची तेरा वर्षं गेली. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं झुरिकमध्ये १८९० च्या सुमारास ते साधलं. अडचण अशी होती की प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर जिलेटिनचं खाद्य घालायची पद्धत, आणि हे पठ्ठे त्यावर उगवायलाच तयार नाहीत. कारण त्यांना आयतं शिजवलेलं अन्न लागतच नाही. झाडं जशी उन्हाच्या जोरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर घडवतात, तसे हे अंधारात, अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर घडवतात. स्वयंपाक स्वतःचा, चूल मिणमिणती. म्हणून त्यांची वाढ हळू.

नावं हवी असतील तर पहिल्या पाळीचा प्रसिद्ध जिवाणू नायट्रोसोमोनास. दुसऱ्या पाळीला वर्षानुवर्षं पुस्तकांनी नायट्रोबॅक्टरचं नाव दिलं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांचे फिल्टर तपासले तेव्हा तिथे प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा राबताना सापडला. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराचेच असे भाऊबंद मिळाले की जे दोन्ही पाळ्या एकटेच करतात, आणि ते शोधणाऱ्या दोन गटांपैकी एकाला ते मासेपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरातच मिळाले. तरी बाटल्यांवर अजून नायट्रोबॅक्टरच छापलेला असतो, हा भाग वेगळा. आणि हे काही परदेशातले पाहुणे नव्हेत: जुन्या गोठ्यांच्या मातीतून दारूगोळ्यासाठी सोरा काढायचे, तो गोमूत्रातल्या नायट्रोजनपासून याच कुळानं बनवलेला असायचा. आज आपल्या कबीटखेडीच्या प्रकल्पात शहराचं सांडपाणी हवा घोळवून शुद्ध होतं, तिथेही हीच मंडळी कामाला आहेत.

विरजण, पण संथ

चालत्या टाकीतला जुना स्पंज नव्या फिल्टरात ठेवला की काम लवकर सुरू होतं. मराठी घरात हे एका शब्दात कळतं: विरजण. चमचाभर जुनं दही, आणि पातेलंभर नवं तयार.

पण विरजणाची उपमा एका जागी फसते, आणि माझी सगळी माती तिथेच झाली. दह्याचे जिवाणू उबेत तासाभरात दुप्पट होतात. रात्री लावलं की सकाळी दही. फिल्टरमधल्या जिवाणूंना दुप्पट व्हायला उत्तम परिस्थितीतही आठ-दहा तास, एरवी दिवस-दीड दिवस लागतो. आता समजा आपण फिल्टर धुतला आणि शंभरातले नव्याण्णव मेले. उरलेल्या एकाचे पुन्हा शंभर व्हायला सहा-सात वेळा दुप्पट व्हावं लागतं. दह्याच्या वेगानं सात तास. फिल्टरच्या वेगानं एक आठवडा. त्या आठवड्यात मासे जेवत असतात, आणि लिटरमागे रोज अर्धा मिलिग्रॅम चढत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत म्हटलं तरी चालेल. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. स्पंजच्या धाग्यांवर, फिल्टरात भरलेल्या सिरॅमिकच्या कड्यांच्या छिद्रांत, खडीवर, थोडे काचेवरही. स्वतःभोवती चिकट पातळ साय धरतात आणि तिच्यातच नांदतात. बोटांना लागणारी बुळबुळ ती हीच. म्हणून टाकीतलं पाणी बदललं तरी जिवाणू फारसे जात नाहीत, आणि स्पंज पिळला तरी ही साय बरीचशी जागेवर राहते.

मग पिळल्यावर जे काळं-तपकिरी निघतं ते काय? तो गाळ. माशांची विष्ठा, न खाल्लेलं खाद्य, कुजलेलं पान. तो जिवाणूंचा खजिना आहे असं समजून न पिळता तसाच ठेवणारेही मी पाहिलेत, आणि ते दुसरं टोक आहे. गाळ छिद्रं बुजवतो, स्पंजच्या पोटात पाणी पोचत नाही, आणि पाणी पोचलं नाही की ऑक्सिजनही नाही. या जिवाणूंना ऑक्सिजन अफाट लागतो: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट करायला साडेचार मिलिग्रॅमच्या वर. आपल्या त्या एक ग्रॅम खाद्यासाठी दीडशेच्या आसपास मिलिग्रॅम. उन्हाळ्यात तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, म्हणजे टाकीतल्या वीस लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन नुसता या कामाला गेला. माशांचा वेगळा. मे महिन्यात हवेची मोटर बंद करून "आवाज फार होतो" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

तेव्हा पिळायचा कधी? तारीख बघून नाही, धार बघून. फिल्टरची धार बारीक झाली की वेळ आली. माझ्याकडे मासे कमी, म्हणून पंधरा दिवस. गोल्डफिश असतील तर आठवड्यालाही लागतो. ते खातात भरपूर आणि घाणही भरपूर करतात.

नर्मदा आली

आता तो क्लोरोफॉर्म. इंदूरच्या घरांत नळाला पाणी आलं असं कमी म्हणतात. "नर्मदा आली" म्हणतात. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून, विंध्याचा चढ चढून हे पाणी येतं, आणि वाटेत त्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. घालायलाच हवं. नळाच्या टोकाशीसुद्धा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. आपल्या पोटाला ते चालतं. पण क्लोरीनला चांगला जिवाणू कुठला आणि वाईट कुठला हे कळत नाही. नर्मदा आलेली असताना जोरात सोडलेल्या नळाखाली स्पंज पाच मिनिटं धरणं म्हणजे त्या साईवर ताजं, वाहतं क्लोरीन ओतणं. मी नेमकं तेच करत होतो, आणि शिवाय नितळ पाणी येईपर्यंत.

म्हणून बादलीत टाकीचंच पाणी. त्यात क्लोरीन कधीच उडून गेलेलं असतं, तापमान तेच, पीएच तोच. नंतर ते बादलीभर काळं पाणी कुंड्यांना. आमच्या कढीपत्त्याची तब्येत बघून शेजारच्या काकू खत विचारतात.

टाकीत घालायचं नवं पाणी उघड्या टबात एक दिवस ठेवलं, त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा मोटरचा दगड सोडला, तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर हायपो. दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून जे खडे किंवा थेंब मिळतात त्यांत बहुधा हेच, सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म पक्की करायला वापरायचे तेच. चिमटीभर पुरतं, आणि क्लोरीन तिथल्या तिथे निष्प्रभ होतं.

आरओचं पाणी टाकीत घालणारा एक वर्ग आहे. भावना चांगली. पण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि ते मारायला पाण्यात क्षार लागतात. ज्या जड पाण्याला आपण शिव्या देतो, त्यात ते भरपूर असतात. आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात, म्हणून पीएच हळूहळू घसरत जातो, आणि सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम रेंगाळतं. आमच्याकडे निम्मं बोरिंगचं, निम्मं नर्मदेचं चालतं.

सगळं एकाच दिवशी नको

माझा मूळ गुन्हा स्पंज धुणं एवढाच नव्हता. खडी, काच, स्पंज, कड्या, सगळं एकाच रविवारी धुतलं, हा होता. खडीवरही बरीच वस्ती असते. स्पंजवरची गेली तरी खडीवरची काही दिवस निभावून नेते. म्हणून आता एका रविवारी फिल्टर, दुसऱ्या रविवारी खडीतला गाळ पाइपनं ओढणं.

फिल्टरच्या पोटातही सगळ्यांना एकच नियम नाही. प्लास्टिकचा डबा, पंपाचा चुंबकवाला छोटा पंखा, हे जुन्या टूथब्रशनं नळाखाली खुशाल घासा. पंख्यात केस आणि शेवाळ अडकून मोटर गरम होते, तेव्हा घासायलाच हवं. फक्त साबण नको, कुठेच नको. पांढरा कापूस बारीक कण धरण्यासाठी असतो. तो चोंदला की फेकून नवा. सिरॅमिकच्या कड्यांना मी चार-सहा महिने हात लावत नाही, आणि लावला तर बादलीत नुसत्या हलवून काढतो. काळ्या कोळशाची थैली काही आठवड्यांत भरून जाते, त्यानंतर ती निव्वळ दगडांची थैली. औषधाचा अंश किंवा पिवळा रंग काढायचा असेल तेव्हा कामाची, एरवी मला तिची गरज वाटलेली नाही.

काही फिल्टरांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की आतली गादी दर महिन्याला बदला. गाद्या विकणाऱ्यानं आणखी काय लिहायचं? बदलायचीच वेळ आली, म्हणजे ती फाटायलाच लागली, तर नवी तिच्या शेजारी कोंबून तीन-चार आठवडे दोन्ही सोबत चालवायच्या आणि मग जुनी काढायची.

लाइट गेली तर? टाकीतच बुडालेला उघडा स्पंज बराच वेळ तग धरतो. पण टाकीखाली ठेवायचे जे बंद डब्याचे कॅनिस्टर फिल्टर, त्यांत पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो. जिवाणू मरायला लागतात, गाळ कुजतो, आणि लाइट आली की ते सगळं सडकं पाणी एका झटक्यात टाकीत येतं. चार-पाच तासांच्या वर बंद राहिला असेल तर सुरू करायच्या आधी डबा उघडायचा, आतलं पाणी ओतून द्यायचं, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळायचा. रात्री "आवाज होतो" म्हणून फिल्टर बंद करून झोपणाऱ्यांच्या घरी हे रोज घडत असतं.

औषधांचंही तसंच. मासा आजारी दिसला की निळ्या औषधाचे थेंब, मिथिलीन ब्लू, थेट टाकीत. ते या जिवाणूंनाही बाधू शकतं, अँटिबायोटिकंही. आजारी मासा बादलीत वेगळा काढून तिथे औषध द्यावं हे बरं.

आणि कधी नव्या टाकीत पाणी दुधाळ होतं. त्याला घाबरून लोक पाणी उपसतात. ते दुसऱ्याच जिवाणूंचं पीक असतं, उरलेल्या खाद्यावर जगणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या. खाद्य कमी करून हवा चालू ठेवली तर आठ-दहा दिवसांत आपोआप निवळतं.

फिल्टर चुकून धुतला गेलाच असेल, तर घाबरण्यापेक्षा हे करावं: दोन-तीन दिवस खाद्य बंद. माशांना उपास सोसतो, अमोनिया सोसत नाही. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं. हवा पूर्ण. नायट्राइट चढलं असेल तर लिटरमागे अर्धा-एक ग्रॅम मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात उभा राहून नायट्राइटला आत येऊ देत नाही. आणि अमोनिया-नायट्राइट तपासायचा थेंबांचा संच घरात असावा. महाग वाटतो, पण मी मेलेल्या माशांवर घातलेल्या पैशांत तीन आले असते.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल माझं मत फार बरं नाही. अनेक बाटल्यांत हे संथ जिवाणू नसतातच, गाळ खाणारे दुसरे असतात. आणि असले, तरी मे महिन्यात उन्हातल्या कपाटात किती दिवस ठेवलेली बाटली आपल्या हातात आली, हे कोण सांगणार? ओळखीच्या माणसाचा जुना स्पंज फुकट आणि खात्रीचा. फक्त त्याची टाकी निरोगी हवी, कारण विरजणाबरोबर रोगही येतात.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला, भाच्याला टाकी हवी आहे. माझ्या फिल्टरात गेले पाच आठवडे मी एक जादा स्पंज मुद्दाम घालून ठेवला होताच. परवा तो काढला, टाकीच्याच पाण्यासकट प्लास्टिकच्या डब्यात घेतला, झाकण सैल ठेवलं, आणि स्कूटरवर तासाभराच्या आत विजयनगरला पोचवला. ताईनं डबा उघडून आत पाहिलं, नाक मुरडलं आणि सवयीनं नळाकडे वळली. मी मध्ये हात घातला. भाच्याला सांगितलंय, पहिला महिना दोनच मासे, आणि खाद्य चिमटीत मावेल तेवढंच. त्यानं मान हलवली, पण दुकानात त्याची नजर पाचाच्या पिशवीवर होती. पुढच्या शनिवारी थेंबांचा संच घेऊन पुन्हा जायचं आहे.